बोजा

ती. आई आणि अण्णांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहितोय. मला साखर निघाली. तीन महिन्यांची सरासरी ८.४. गोळी सुरू केलीय, घाबरू नका. दुसरं म्हणजे, मी रात्रपाळी सोडली. पगार थोडा उतरेल. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, कळतं मला. पण अण्णा, अठरा वर्षं रात्री दोनला वडापाव आणि तीनला चहा झाला. रात्री शरीराला साखर नीट जिरवता येत नाही, त्यात साहेबाची कटकट. तुमच्या औषधांचे पैसे एक तारखेलाच येतील. गीझरचा हप्ताही मीच भरतोय. गार पाण्याने आंघोळ करून पैसे वाचवू नका.

आई, आता तू म्हणशील, पोटात असतानाच लेकराचे हाल झाले. बहात्तरच्या दुष्काळात तू खडी फोडत होतीस, रेशनचा लाल मिलो खात होतीस आणि वाट्याची सुकडी आत्याच्या पोरांना देत होतीस. (आत्याला हे वाचून दाखवू नका.)

मी डॉक्टरांना विचारलं, माझ्यासारख्या काटकुळ्याला साखर कशी? तेव्हा कळलं, पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांची मुलं तपासत आलेत. बाळं सरासरी २.७ किलोची, दिसायला किडकिडीत, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. हॉलंडात १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं होतं. त्या उपासमारीत ज्यांचा गर्भ राहिला, त्यांचं रक्त साठेक वर्षांनी तपासलं. वाढीच्या एका जनुकावर मिथाईलच्या बारीक खुणा असतात, त्या यांच्यात उपासमारीच्या आधीच्या-नंतरच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी निघाल्या. डीएनएची अक्षरं तीच, वाचन बदललं. अण्णा, सातबारा तोच, फक्त इतर हक्कांत बोजा चढला म्हणा.

माझी साखर त्या दुष्काळाचीच, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. आणि असलीच, तरी तो बोजा न पडलेल्या पावसाचा, आई. तुझा नाही. वडापावचा मात्र माझा मी चढवलाय.

आता तुमचं. अण्णा, बारा वर्षं मेटफॉर्मिन घेताय. चांगली गोळी आहे, मनाने बंद करायची नाही. पण तिच्यामुळे बी-१२ घटू शकतं, त्यात तुम्ही माळकरी. त्या खुणा लावायला, नवं रक्त करायला बी-१२ लागतं. पायाला मुंग्या येतात त्या चपलेमुळे, असं परस्पर ठरवू नका. सोमवारी उपाशीपोटी रक्त द्या, बी-१२ वेगळं लिहून घ्या. इंजेक्शन सांगितलं तर मुकाट घ्यायचं. आई, दूध आधी तुझ्या पेल्यात, मग चहाला. आणि सगळ्यांचं झाल्यावर तव्यावरची करपलेली भाकरी खायची सवय आता मोडायची. रागावून नाही म्हणत गं.

रविवारी दुपारच्या एसटीने येतोय. शिरा नको. लहानपणी द्यायचीस तसा गरम भाकरीचा पापुद्रा दे, तेल-मीठ लावून. पण या खेपेला खालचा भाग तू एकटीने खायचा नाहीस, अर्धा अर्धा करू.

तुमचा,
बाळू