बाबांची ट्रंक भंगारात देऊ नका

चार्ल्सटन, साउथ कॅरोलिना
रविवार

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

आईचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. वाशीचं घर दिवाळीआधी रिकामं करायचं, रिडेव्हलपमेंटचं एकदाचं पक्कं झालं आणि माळ्यावरचं सगळं भंगारवाला किलोच्या भावाने न्यायला तयार आहे, एवढं कळलं. फोनवर बाबा दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत आणि आई, तू मधेच कुकर बघायला जातेस. म्हणून लिहून पाठवतेय. याचा प्रिंट काढून बाबांना दे, मोबाइलवर ते वाचणार नाहीत.

कामाचं आधी. माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेला कोणी हात लावायचा नाही. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

गेले पाच आठवडे मी एका गोल्फ कोर्सवर मोजणी करतेय. हसू नका. क्लबचं नाव लिहीत नाही, कंपनीने तशी सही घेतली आहे. जुना, खाजगी, पैसेवाल्यांचा क्लब. आम्ही मागच्या, माळ्यांच्या फाटकाने आत जातो आणि सभासद दिसले की यंत्र बाजूला घेऊन उभे राहतो. हा कोर्स शंभर वर्षांपूर्वी होता तसा पुन्हा करायचाय आणि त्यासाठी त्यांना आजच्या जमिनीच्या पातळ्या हव्यात. कोर्स आखणारा माणूस सेथ रेनर. बाबा, हा माणूस तुमच्यासारखाच सर्व्हेअर होता.

न्यूयॉर्कच्या पूर्वेला लाँग आयलंड म्हणून लांबट बेट आहे. रेनर तिथलाच, जन्म १८७४. साउदॅम्प्टन गावात रस्ते, गटारं, प्लॉटच्या हद्दी अशी कामं करायचा. तिथे चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड नावाचा एक बडा शेअर दलाल आला. स्कॉटलंडला शिकलेला, गोल्फने झपाटलेला, आवाजाने आणि अंगानेही मोठा. तिकडच्या नामांकित होल्सची मापं आणि नकाशे गोळा करून त्याने अमेरिकेत एक आदर्श कोर्स बांधायला घेतला, नॅशनल गोल्फ लिंक्स. जागेच्या मोजणीला गावातला सर्व्हेअर लावला, तो रेनर. भेटलो तेव्हा याला गोल्फचा चेंडू आणि टेनिसचा चेंडू यातला फरकसुद्धा धड माहीत नव्हता, असं मॅकडोनाल्डनेच पुढे लिहून ठेवलंय. पण कागदावरची पातळी जमिनीवर उतरवायची ती रेनरनेच. मॅकडोनाल्डला ते इतकं पटलं की पुढच्या कामांतही त्याने याला सोडलं नाही, आणि काही वर्षांनी रेनर स्वतःच्या नावावर कामं घेऊ लागला.

आई, होल म्हणजे नुसतं भोक नव्हे. चेंडू पहिल्यांदा मारतात तिथपासून शेवटच्या कातरलेल्या हिरवळीपर्यंतचा, म्हणजे ग्रीनपर्यंतचा, अख्खा पट्टा. रेनरकडे अशा वीसेक होल्सचे ठरलेले नमुने होते. एक ‘रेडान’, म्हणजे किल्ल्याचा पुढे आलेला टोकदार बुरूज. मूळ होल स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिकला आहे, तिथलं ग्रीन तिरकं आणि पुढून मागे उतरतं. दुसरा ‘बियारिट्झ’, फ्रान्समधल्या एका होलवरून घेतलेला, मूळ होल आता उरलेलंही नाही. त्याच्या लांबलचक ग्रीनला आडवी खोल पन्हळ असते. येल विद्यापीठाच्या कोर्सवरच्या बियारिट्झमधल्या पन्हळीत माणूस उभा राहिला तर लांबून निम्मा दिसेनासा होतो.

यावरूनच त्याला नावं ठेवली गेली. तेच तेच नमुने घेतो, नक्कल करतो, इंजिनियरी खाक्या. बाबा, तुम्हाला मी टाइप प्लॅनचं उदाहरण देईन. बिल्डिंगचा टाइप प्लॅन एकच असतो, पण उतारावरच्या प्लॉटवर आणि भरावाच्या प्लॉटवर तो बसवणं ही वेगळी अक्कल, हे तुम्हीच मला बेलापूरच्या टेकडीवर दाखवलं होतं. रेनरचं सगळं कसब त्या बसवण्यात आहे. सपाट जागा मिळाली तर सरळ भराव टाकून, बाजू उभ्या कापून, चौकोनी ओटा उचलायचा आणि वर ग्रीन करायचं. नैसर्गिक दिसावं म्हणून जराही लाडीगोडी नाही. मला ते आवडतं.

गेला तोही कामाच्या रगाड्यातच. जानेवारी १९२६, न्यूमोनिया, वय एक्कावन्न. कॅलिफोर्नियातल्या सायप्रस पॉइंटचं काम त्याच्याकडे यायचं होतं, ते अॅलिस्टर मॅकेंझी या दुसऱ्या आखणाऱ्याकडे गेलं आणि मॅकेंझी जगप्रसिद्ध झाला. फिशर्स आयलंड वगैरे अर्धवट राहिलेली कामं चार्ल्स बँक्सने पुरी केली. बँक्स आधी इंग्रजीचा मास्तर. रेनरने मागे पुस्तक ठेवलं नाही, भाषणं ठेवली नाहीत. मॅकडोनाल्डचा हाताखालचा माणूस, एवढीच ओळख राहिली.

मग मंदी आली, पाठोपाठ युद्ध. खेळणाऱ्याला अडवायला केलेले वाळूचे खड्डे राखायला माणसं लागतात, म्हणून कित्येक बुजवले. वाऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागांत पुढच्या पिढीने हौसेने झाडं लावली. आणि ग्रीन्स आक्रसली. ही गंमत ऐका, ती कोणी मुद्दाम केलेली नाही. गवत कापणारा यंत्र फिरवताना कोपऱ्यात वळत नाही, जरा आतून गोल घेतो. दर वर्षी बोटभर आत. साठ-सत्तर वर्षांत चौकोनाचा लंबगोल होतो आणि सगळ्यांना वाटतं की तो मुळातच तसा होता.

पण भराव कुठे जाणार? परवा सातव्या ग्रीनपाशी मी पातळ्या घेत होते. कातरलेलं ग्रीन संपलं आणि पुढे घोट्याएवढ्या गवतात जमीन तशीच सपाट, बारा फूट. मग एकदम कडा. स्क्रीनवर बिंदू जोडले तर काटकोन! रेनरचा कोपरा, कित्येक वर्षं गवताखाली झाकलेला. मी तिथे झेंडी रोवली. आमच्या मुकादमाने १९३९ चा विमानातून काढलेला सरकारी फोटो आणला, शेतीखात्याने तेव्हा पिकं मोजायला असे फोटो काढून घेतले होते. त्यात तो कोपरा पांढऱ्या रेघेसारखा स्वच्छ. बुजवलेले खड्डे तर पोकळ सळई घालून सापडतात. वर काळी माती, आणि दोनेक फुटांवर जुनी वाळू सळईत चिकटून येते.

त्या दिवशी डबा मी अडीचला खाल्ला. बेंचमार्कला, म्हणजे जिथून मोजणी सुरू केली त्या माहीत उंचीच्या खुणेला, परत येऊन आकडा जुळतो का बघितल्याशिवाय, म्हणजे लेव्हल क्लोज केल्याशिवाय, डबा उघडायचा नाही, ही तुमची शिस्त. इथे जीपीएस आहे, कोणी क्लोज वगैरे करत नाही. मी करते. सगळे हसतात.

जागाही तुम्हाला ओळखीची वाटेल. खाडी, चिखल, भरतीला आत शिरणारं पाणी. पूर्वी या सगळ्या पट्ट्यात भातशेती होती. बांध घातलेले आणि भरतीचं पाणी आत-बाहेर करायला लाकडी दारं, अगदी आपल्या खारजमिनीतल्या उघाडीसारखी. ते बांध आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी घातले. त्यांची नावं कुठल्याच नकाशावर नाहीत. ओटे, खड्डे, काटकोन बघताना मला हे विसरता येत नाही आणि बाबा, तुम्हालाही आलं नसतं. भाताच्या खाचरात खुंटी मारायला गेलात तेव्हा एका म्हातारीने तुम्हाला आधी पाणी दिलं आणि मग खुंटी उपटून हातात दिली, हे तुम्ही एकदाच सांगितलंत, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींवरून १९८४ ला जासईत आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, त्याचा विषय निघाला होता तेव्हा.

गोल्फविषयी माझं मत फारसं बदललेलं नाही, काळजी नको. सीवूड्सच्या पाणथळीवर कोर्स करायचा घाट घातला होता, तेव्हा फ्लेमिंगोंच्या बाजूने मीही बोर्ड घेऊन उभी होते आणि आजही राहीन. खारघरचा कोर्स मात्र पुढच्या खेपेला बघायला जाऊ. पांडवकड्याच्या अंगाने चढत जाणाऱ्या त्या जमिनीवर रेनरने काय केलं असतं, ते बाबांना विचारायचंय.

आता ट्रंक. इथून जवळच यीमन्स हॉल म्हणून रेनरचा १९२५ चा कोर्स आहे. तिथेही ग्रीन्स आक्रसली होती. क्लबहाउसच्या माळ्यावर रेनरचा जुना नकाशा सापडला आणि १९९० च्या दशकाअखेर कोर्स आखणाऱ्या टॉम डोकच्या मंडळींनी ग्रीन्स पुन्हा मूळ मापाला नेली. आई, माळ्यावर! आणि मॅकडोनाल्ड-रेनरचा इतिहास खणून काढण्यात ज्याने आयुष्याची कितीतरी वर्षं घातली, तो जॉर्ज बाहटो न्यूजर्सीतला ड्राय-क्लीनिंगवाला. कोणी विद्वान नव्हे.

बाबांच्या ट्रंकेत नवी मुंबईच्या मोजणीची सत्तरच्या दशकातली फील्डबुकं, म्हणजे जागेवर लिहिलेल्या वह्या, आहेत. भराव पडण्याआधीच्या जमिनीच्या पातळ्या, जुन्या उघाड्यांच्या जागा, कुठला बांध कुठून कुठे जात होता. हल्ली जुलैत सेक्टरमध्ये पाणी साचलं आणि पावसाचं पाणी साठवायचे होल्डिंग पाँड गाळाने भरले की टीव्हीवर जो तो शहाणा होतो. पाणी पूर्वी कुठून जायचं हे पेन्सिलीने लिहिलेलं आपल्याकडे आहे. “जुन्या पातळ्या आता कोणाला हव्यात,” असं बाबा म्हणतील. त्यांना म्हणू दे.

तर आई, ट्रंक ठाण्याला मावशीकडे पाठव, तिच्याकडे कोरडी खोली आहे. आत डांबराच्या गोळ्या टाक. वह्या प्लॅस्टिकमध्ये बांधू नकोस, घाम धरतात, जुन्या सुती साडीत गुंडाळ. आणि बाबा, प्रत्येक वहीवर ती नवी मुंबईच्या कुठल्या नोडची, म्हणजे भागाची, ते नव्याने लिहा, पेननेच. तुमचं अक्षर तुमच्याशिवाय कोणाला लागत नाही. ‘टीबीएम (तात्पुरता बेंचमार्क), पिंपळाचा पार’ असं जिथे लिहिलंय तिथे तो पिंपळ नेमका कुठला होता, तेही लिहा. पार आता नसेल.

शनिवारी तुमच्या सकाळी फोन करते. तोवर ट्रंकेची किल्ली भंगारवाल्याला दिसणार नाही अशी ठेवा.

तुमची,
धाकटी