जहाजांच्या वह्या आणि आपली दप्तरं

संपादक साहेब,

हवामान बदललं म्हणून सगळेच ओरडतात, पण शंभर-दोनशे वर्षांपूर्वी हवा कशी होती हे कळतं कुठून? आपलं हवामान खातं १८७५ चं, त्याआधीचं शोधायचं तर जुन्या जहाजांच्या लॉगबुक लय कामाच्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर वाऱ्याची दिशा, जोर, वादळ असं सगळं रोज लिहायचे, पुढे हवेचा दाब मोजणाऱ्या बॅरोमीटरचे आकडेपण आले, आणि भर समुद्रातलं हे दुसरं कोण लिहिणार होतं. २०१० मध्ये 'ओल्ड वेदर' प्रोजेक्ट सुरू झाला, त्यात पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश नौदलाच्या वह्या साध्या लोकांनी घरबसल्या वाचून टाइप केल्या, एकच पान वेगवेगळ्या लोकांना द्यायचे म्हणजे चूक पकडता येते.

आता आमच्या रावेर-यावलकडे समुद्र नाही, पण कापसातली सरकी काढणाऱ्या जुन्या जिनिंगचे रोजमेळ (रोजच्या हिशोबाच्या वह्या), आडतीच्या वह्या, मोडी लिपीतली दप्तरं आहेत की! पाऊस कधी पडला, तापीला पूर कधी आला, कापसाच्या गाड्या का अडकल्या, असं काहीबाही त्यात निघू शकतं. आमच्याकडे तर दिवाळीच्या साफसफाईत अशी पोती सरळ रद्दीवाल्याला जातात, किलोच्या भावाने. कॉलेजच्या पोरांकडून निदान मोबाइलवर फोटो तरी काढून घ्या, मोडी वाचणारे नंतर शोधू.

– एक केळी उत्पादक, ता. यावल, जि. जळगाव