हवा कमी करण्याआधी फोर्क हातानं दाबून बघा

संपादक महाशय,

माउंटन बाइकच्या पुढच्या फोर्कबद्दल (पुढचं चाक धरून धक्के गिळणारे दोन पाय) आपल्या सायकल पुरवणीत आलेला सल्ला वाचला. ‘फोर्क बारीक धक्के घेत नसेल, तर हवा कमी करा’ एवढ्यावर तो संपतो. मी सस्पेन्शन दुरुस्तीचं काम करतो. ‘फोर्क कडक आहे’ म्हणून माझ्याकडे आणलेल्या बऱ्याच फोर्कांत हवा आधीच कमी केलेली असते. तक्रार मात्र तशीच असते, कधी वाढलेलीही.

खडी आणि मुळं यांचे धक्के लहान असतात. ते गिळायचे तर फोर्क मुळात जागचा हलायला हवा, आणि त्या पहिल्या हालचालीला आडवं येतं ते घर्षण. हवा काढल्यानं नळ्यांभोवतीचे कोरडे पडलेले रबरी सील ओले होत नाहीत. फोर्क मात्र सतत खोल बसून राहतो. फोर्कमधली एअर स्प्रिंग, म्हणजे कोंडलेली हवा, दबत जाईल तशी ताठ होत जाते, त्यामुळे सायकल कायम त्या ताठ भागातच चालते. शिवाय ब्रेक दाबला की पुढून डुबकी मारते ती वेगळीच.

म्हणून माझी पहिली तपासणी पंपाविना असते. किती प्रेशर आहे ते लिहून ठेवायचं, सगळी हवा हळूहळू सोडायची, चाक काढायचं आणि फोर्क हातानं दाबायचा. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा सरकला पाहिजे. मग चाकाविना नुसता अ‍ॅक्सल (चाकाचा दांडा) घालून, घट्ट करून पुन्हा दाबायचा. आधी मोकळा चालणारा फोर्क आता अडखळत असेल, तर अ‍ॅक्सल दोन्ही पायांना आत किंवा बाहेर खेचतोय. पाय समांतर राहिले नाहीत की बुशिंग (सरकत्या नळ्यांना आधार देणाऱ्या आतल्या कड्या) नळ्यांवर घासतात. अ‍ॅक्सलला चिमटून धरणारा पिंच बोल्ट ज्या फोर्कांना असतो, त्यांत तो सैल करून फोर्क चार-पाच वेळा दाबला की पाय आपली जागा स्वतः शोधतो. मग बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनं आवळायचा. पैसा न लागणारा हा इलाज फारच थोड्यांना ठाऊक असतो.

अ‍ॅक्सलविनाही फोर्क अडत असेल, तर बहुतेकदा लोअरमधलं (पायांच्या खालच्या, बाहेरच्या भागातलं) ऑइल संपलेलं किंवा काळं पडलेलं असतं आणि सीलखालची फोमची रिंग सुकलेली असते. लोअर सर्व्हिससाठी रॉकशॉक्स ही फोर्क कंपनी 50 तास सांगते. फॉक्स ही दुसरी कंपनी संपूर्ण सर्व्हिससाठी 125 तास किंवा एक वर्ष सांगते, जे आधी येईल ते. हे तास सायकल चालवण्याचे. दर शनिवार-रविवार दोन-दोन तास चालवणाऱ्याचे 50 तास तीन महिन्यांत भरतात, आणि लोक वर्षानुवर्षं फोर्क उघडत नाहीत! काही जण नळ्यांवर वरून स्प्रे मारतात. एखादी राइड बरी जाते, पण चुकीचा स्प्रे सीलमधलं ग्रीस धुऊन नेतो. त्यापेक्षा सायकल रात्रभर उलटी ठेवा. ऑइल शिल्लक असेल तर फोम भिजतो आणि फरक सकाळी कळतो. काहीच फरक पडला नाही, तर सर्व्हिसला न्या.

घर्षणाचा प्रश्न मिटला की मग हवा. एअर फोर्कमध्ये दोन कप्पे असतात. वरचा, पॉझिटिव्ह, फोर्क बाहेर ढकलतो. खालचा, निगेटिव्ह, त्याला आत ओढतो आणि सुरुवातीची हालचाल हलकी करतो. बहुतेक नव्या फोर्कांत निगेटिव्ह कप्पा एका छोट्या वाटेनं भरतो, आणि ती वाट फोर्क थोडा दाबल्यावरच उघडते. एका दमात हवा भरून पंप काढला तर तो कप्पा अर्धवट राहतो आणि फोर्क वरच्या टोकाला ताठ उभा राहतो. म्हणून टप्प्याटप्प्यानं भरा, दर टप्प्याला फोर्क काही वेळा सावकाश दाबा. पंपाचा काटा खाली येईल. ती हवा निगेटिव्हमध्ये गेलेली असते. तेवढी पुन्हा भरा.

सॅग, म्हणजे स्वाराच्या वजनानं फोर्क किती दबतो ते, मोजताना हेल्मेट, बॅग, पाणी अंगावर घेऊन पेडलवर उभं राहायचं, सीटवर बसून नाही. फोर्कला साधारण 15 ते 20 टक्के सॅग ठेवतात. 150 मिलिमीटरच्या फोर्कला 22 ते 30 मिलिमीटर.

लॉकआउट (फोर्क जखडणारी कळ) आणि कॉम्प्रेशन (दबण्याचा वेग आवरणारी कळ) पूर्ण उघडे आहेत ना, हेही बघा. हसू नका, अर्धा लावलेला लॉक मी बऱ्याचदा पाहिलाय. रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, फार मंद असेल तर पहिल्या एक-दोन धक्क्यांनंतरच फोर्क कडक वाटू लागतो, कारण परत वर यायला त्याला वेळच मिळत नाही. टोकन (हवेच्या कप्प्यातली जागा कमी करणारे तुकडे) काढून बारीक धक्क्यांत फारसा फरक पडत नाही. ते प्रामुख्यानं शेवटच्या टप्प्यासाठी असतात. आणि टायर दगडासारखे फुगवलेले असतील, तर खडखडीचं खापर फोर्कवर फोडू नका.

एवढं करूनही हवा काढलेला, ताज्या ऑइलचा फोर्क हाताला अडतच असेल, तर बुशिंग घट्ट असण्याची किंवा नळी वाकलेली असण्याची शक्यता धरा. नवा फोर्क थोड्या राइडनंतर मोकळा होतो. तसा झाला नाही तर वॉरंटीत पाठवा. बुशिंगचं माप बसवायला खास हत्यार लागतं, घरी पॉलिश पेपर घेऊन बसू नका.

आपला,
एक सस्पेन्शन मेकॅनिक