सोलच्या यात्रेत फुलवालीच्या लेकीलाही जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२७ मध्ये, ३ ते ८ तारखेला, दक्षिण कोरियाच्या सोल शहरात कॅथलिक तरुणांचा जागतिक युवा दिन भरणार आहे. दर काही वर्षांनी देशोदेशीचे तरुण पोपबरोबर जमतात, ती ही यात्रा. आमच्या वसईच्या गावांत त्याची बोलणी आतापासूनच सुरू झाली आहेत. परवा रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, चर्चच्या ओट्यावर एक काका म्हणाले, "कोरियाच्या टूरला या वेळी कोण कोण? ज्यांच्याकडे आहेत तेच ना?" टूर हा शब्द मला लागला. त्याहून जास्त लागला तो पुढचा प्रश्न, कारण त्यात तथ्य होतं. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

मी एका पतपेढीत कारकून आहे. २०२३ साली पोर्तुगालच्या लिस्बनला जो युवा दिन झाला, त्याला आमच्या युवा गटातले आम्ही अकरा जण गेलो होतो. जायचे बारा जण होते.

बारावी मुलगी आमच्या गायनमंडळाचा कणा. हातात सूरपेटी नसली तरी सगळ्यांना सूर तिच्याकडूनच मिळतो. तिची आई मोगरा आणि चाफा घेऊन पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात जाते. धंदा सगळा रोखीचा. आलेला पैसा संध्याकाळपर्यंत खतात, मजुरीत, किराण्यात जिरतो. प्रवासाचे माणशी दोन लाखांच्या आसपास होत होते. तिने दोन वर्षं शिकवण्या घेऊन आणि मामाकडून उसने आणून ते जमवलेही. जमवले ते घरातल्या डब्यात. व्हिसाच्या अर्जाआधी पंधरा दिवस ती रक्कम एकदम बँकेत भरली. मी रोज पासबुकं बघणारी बाई, पण हे तिला वेळेवर सांगायचं मला सुचलं नाही. नकाराचा कागद आला तो छापील होता. कारणांच्या चौकटी ओळीने, आणि त्यातल्या एका चौकटीत पेनाची छोटी खूण: निर्वाहाचं पुरेसं साधन दाखवलेलं नाही. तिने कागदाची घडी घालून परत पाकिटात ठेवली आणि मला विचारलं, "बॅगेत सुकेळ्यांना जागा आहे का गं?"

राजेळी केळी उन्हात वाळवून, सुक्या केळीच्या पानात बांधलेलं ते पुडकं माझ्याबरोबर लिस्बनला गेलं.

युवा दिनाच्या आधीचे पाच-सहा दिवस तरुणांना देशभरातल्या धर्मप्रांतांत, म्हणजे एकेका बिशपांच्या हद्दीत, वाटून देतात. आम्ही कोइंब्राच्या बाजूला एका गावात, घराघरांत राहिलो. माझ्या वाट्याला सत्तरी ओलांडलेली एक आजी आली. तिला पोर्तुगीजखेरीज काही येत नव्हतं, मला मराठी, आमची कादोडी बोली आणि जेमतेम इंग्रजी. पहिल्या संध्याकाळी तिने माझ्या हातात घराची किल्ली ठेवली आणि म्हणाली, "शाव्ह." मी म्हटलं, "चावी!" ती थबकली. मग मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि एकेका वस्तूवर बोट ठेवू लागली. बटाटा बटाटाच निघाला. पाव म्हणजे पांव. कोबीला कोव्ह, बालदीला बाल्द, मेजाला मेझा. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी तिचे लोक आमच्या किनाऱ्यावर आले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, हे आम्ही चौथीपासून शिकतो. त्यातलं चांगलं-वाईट मला माहीत आहे. पण किल्ल्यातले पडके दरवाजे आम्हाला दिसतात, हे शब्द मात्र तोंडात असून दिसत नाहीत. सुकेळ्यांचं पुडकं मी त्या आजीलाच दिलं. तिने अर्धी ठेवून घेतली आणि अर्धी पुन्हा त्याच पानात बांधून मला परत केली, युवा दिनाच्या शेवटच्या रात्रीच्या जागरणासाठी.

आता लिस्बनची ती दोन वाक्यं, जी मला तेव्हापासून सोडत नाहीत. ३ ऑगस्टला स्वागताच्या वेळी पोप फ्रान्सिस म्हणाले की चर्चमध्ये सगळ्यांना जागा आहे, आणि लाखो मुलांकडून एकच शब्द तीनदा म्हणवून घेतला: तोदोस, तोदोस, तोदोस. सगळे, सगळे, सगळे. मी पण ओरडले. शेजारी बाराव्या मुलीची जागा रिकामी होती असं म्हणणार नाही, तिथे गर्दीत तीळ पडायला जागा नव्हती. पण दुसऱ्यांदा ओरडताना माझा आवाज फुटला नाही.

दुसरं वाक्य ५ तारखेचं, त्या जागरणाच्या रात्रीचं. ताग नदीच्या काठच्या मैदानावर आम्ही चालत चालत, पायाला फोड येईतो पोचलो होतो. पोप म्हणाले, माणसाकडे वरून खाली बघणं एकाच वेळी रास्त आहे, त्याला हात देऊन उठवायचं असेल तेव्हा. मग पवित्र साक्रामेंताची, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या भाकरीची, आराधना झाली. आदल्या क्षणापर्यंत गाणी, ढोल, झेंडे, आणि एकाएकी ते सगळं मैदान गप्प. दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेला सुमारे १५ लाख लोक होते असं सांगतात, रात्रीही कमी नसावेत. इतकी माणसं एकदम गप्प झालेली मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवली. उरलेली सुकेळी आम्ही पोलंडच्या आणि अंगोलाच्या मुलींबरोबर ताडपत्रीवर बसून खाल्ली. कोणी बनवली हे खुणांनी सांगितलं. सकाळी मिस्सेच्या शेवटी पोपनी पुढचं ठिकाण जाहीर केलं: सोल.

आशियात ही यात्रा याआधी एकदाच भरली आहे, १९९५ साली मनिलात. आमच्यासाठी सोल तेवढ्यावर थांबत नाही. कोरियात कॅथलिक धर्म परदेशी मिशनऱ्यांनी रुजवलेला नाही. चीनहून आलेली पुस्तकं तिथल्या काही विद्वानांनी वाचली, त्यांच्यातला यी सुंग-हून १७८४ मध्ये बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आला आणि सामान्य गृहस्थांनीच चर्च उभं केलं. पुढे छळ झाला, माणसं मारली गेली. त्यांतल्या १०३ हुतात्म्यांना जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये सोलमध्येच संतपद जाहीर केलं. आणि समुद्राच्या पलीकडे जपानात, नागासाकीला, आमचे वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर गेले. वसईत जन्मलेला, आई इथलीच, असा हा मुलगा. जेज्विट धर्मगुरूंच्या संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा पुरी झाली नव्हती. त्यांनी व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात व्रतस्थ बंधू झाले. नकाराचा कागद त्यांच्याही वाट्याला आला होता, असं मी त्या मैत्रिणीला म्हटलं तेव्हा ती पहिल्यांदा त्या विषयावर मोकळं बोलली.

आपल्या वृत्तपत्रात दर आषाढीला वारीची पानं येतात, ती मी आवडीने वाचते. वारीत हातावर पोट असलेला माणूसही चालतो, कारण वाटेवरची गावं त्याला जेवू घालतात, दिंडी त्याला सांभाळून नेते. आमच्या यात्रेत विमान आहे, व्हिसा आहे, तो खर्च टळणार नाही. पण सांभाळून नेणं आमच्याही हातात आहे. दर महिन्याला थोडे थोडे पैसे मुलाच्या स्वतःच्या नावे खात्यात पडत गेले, तर अर्जाच्या वेळी ते खातं आपोआप बोलतं. फुलांचा, दुधाचा, भाजीचा रोख पैसा आठवड्याला खात्यातून फिरवावा. कर लागत नसला तरी विवरणपत्र भरावं. मुलं परतणार नाहीत अशी शंका व्हिसा देणाऱ्यांना असते. तिला उत्तर म्हणून धर्मग्रामाचं, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीचं, आणि धर्मप्रांताचं पत्र अर्जाला वेळेवर जोडलेलं असावं. आणि ज्याच्याकडे काहीच पडत नाही, त्याच्यासाठी प्रत्येक धर्मग्रामाने रोज थोडं थोडं भरायचं एक पिग्मी खातं उघडावं. सणाच्या नाटकाचं, बँडचं, रोषणाईचं बजेट थोडं आवरलं तर दोन मुलांचं तिकीट सहज निघतं, हे मी आकडे मांडून दाखवायला तयार आहे. यात तलासरीकडची आमची वारली भावंडंही यायला हवीत. आजवर आमच्या बसमध्ये त्यांच्यातलं कोणी मला दिसलेलं नाही, आणि त्याची आम्हाला खंत वाटली पाहिजे.

ज्यांना परवडतं त्यांनी जाऊ नये असं मी म्हणत नाही. मीही गेलेच. पण अकरांत अकराही नोकरदार घरची मुलं असतील, तर ओट्यावरचे काका टूर म्हणणारच, आणि त्यांना उत्तर द्यायला आमच्याकडे तोंड नसेल.

मैत्रिणीने आता माझ्याच पतपेढीत आवर्ती ठेव सुरू केली आहे, आणि बँकेतही दर सोमवारी फुलांच्या पैशातून काही भरते. पहिल्या दिवशी नोटांना मोगऱ्याचा वास येत होता. आणखी चार घरांतल्या मुलांची खाती या महिन्यात उघडायची आहेत. इतर धर्मग्रामांतल्या युवा गटांनी हे अजून सुरू केलं नसेल तर आजच करावं. कागदपत्रांत कुठे अडलं तर मी शनिवारी दुपारनंतर मोकळी असते.

आपली,
एक वाचक
निर्मळ, ता. वसई