शेजारी ठेवलेली दोन चित्रे

महोदय,

एकाच दीर्घिकेची दृश्य प्रकाशातली आणि रेडिओ लहरींतली चित्रे शेजारीशेजारी ठेवण्याची हौस विद्यार्थ्यांत वाढते आहे. खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीचा वारसा असलेल्या महाराष्ट्रात ती वाढायलाच हवी. पण तुलना शिस्तीत व्हावी.

खगोलचित्रे पाहण्याच्या डीएस९ या संगणक-प्रणालीत दोन फ्रेम उघडून फ्रेम मेनूतून 'मॅच' व मग 'लॉक' करताना 'इमेज' नव्हे, 'डब्ल्यूसीएस' (आकाशातले निर्देशांक) निवडावे. 'इमेज' फक्त पिक्सेल क्रमांक जुळवते, आकाशातली जागा नाही. जेपीजीत बहुधा ही निर्देशांक-माहिती नसतेच, म्हणून मूळ फिट्स (खगोलशास्त्रातल्या प्रमाण स्वरूपाची) फाइल घ्यावी. दोन्ही चित्रे एकाच एककात असतील तर त्यांचा कमाल-किमान स्केलही सारखा ठेवावा, नाहीतर निव्वळ रंगामुळे एक चित्र तेजस्वी भासते.

दोन रेडिओ चित्रांची तुलना करताना खरी फसगत बीममुळे, म्हणजे दुर्बिणीला एखादा बिंदू जेवढा पसरट दिसतो त्या ठिपक्यामुळे, होते. रेडिओ चित्रात तीव्रता 'जान्स्की प्रति बीम' असते (जान्स्की हे रेडिओ तेजाचे एकक). पसरलेल्या, एकसारख्या स्रोतासाठी ५ विकलांऐवजी (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) १० विकलांचा बीम असला तर तोच आकडा चौपट दिसतो! आधी बारीक चित्र जाड बीमइतके धूसर करावे, मगच वजाबाकी.

डेटा क्यूब म्हणजे एकावर एक रचलेल्या चित्रांचा, म्हणजे चॅनेलांचा, संच; त्यात तिसरा अक्ष वारंवारतेचा किंवा वेगाचा. तिथे चॅनेल क्रमांक जुळवू नयेत. 'कार्टा' या असे क्यूब पाहण्याच्या प्रणालीत अवकाशीय जुळणीबरोबर वर्णपटीय जुळणीही चालू करावी. हायड्रोजनच्या १४२०.४०६ मेगाहर्ट्झ रेषेसाठी वेगाची व्याख्याही तपासावी, कारण तो तरंगलांबीतल्या बदलावरून ('ऑप्टिकल') किंवा वारंवारतेतल्या बदलावरून ('रेडिओ') काढतात: 'ऑप्टिकल' पद्धतीचे ५००० किमी/सेकंद हे 'रेडिओ' पद्धतीत सुमारे ४९१८ भरतात. एवढ्या फरकात वायूचा अख्खा ढग भलत्याच चॅनेलमध्ये जातो.

छापील चित्राच्या कोपऱ्यात बीमचा लंबगोल अवश्य ठेवावा, ही विनंती.

– एक खगोलप्रेमी वाचक