गिअरबॉक्स अजून उघडू नकोस

सांगोला,
रविवार रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. कर्ज काढून घेतलेला डोझर, पाऊस तोंडावर, काजूच्या बागेचं काम अर्धवट, त्यात डोझर लोडवर स्लिप मारतोय, म्हणजे इंजिन चालतं पण मशीन ओढत नाही, आणि मिस्त्री म्हणतोय गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल. तुझी रेंज सारखी जात होती म्हणून सगळं लिहूनच कळवतो. हे वाचून होईपर्यंत गिअरबॉक्सच्या एकाही बोल्टाला पाना लावू देऊ नकोस आणि तोवर मशीन कामालाही लावू नकोस. स्लिप मारत असताना रेटत राहिलास तर क्लच प्लेटा जळतील. मग हजारांत निघालं असतं ते काम लाखांत जाईल.

आधी एक खात्री करून घे. तुझा पहिला डोझर साध्या क्लचचा होता, त्याला लोड झेपलं नाही की इंजिन बंद पडायचं. हा टॉर्क कन्व्हर्टरचा आहे, म्हणजे इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला जातो. यात इंजिन चालू राहतं आणि चेन, म्हणजे चाकांच्या जागी असलेला लोखंडी पट्टा, थांबते. तिसऱ्या गिअरला जांभ्यात ब्लेड रुतवलं आणि चेन थांबली, तर त्यात बिघाड काही नाही. पहिल्या गिअरला मात्र न हलणाऱ्या कातळाला ब्लेड टेकवून रेस दिलीस, तर चेनने जागेवर फिरून माती उकरायला हवी. चेन गप्प आणि इंजिन मोकळं ओरडतंय, तर ती स्लिप. इंजिनच दबतंय, काळा धूर टाकतंय, तर गिअरबॉक्सला हात लावू नकोस, एअर क्लीनर आणि डिझेल फिल्टर बघ. ही तपासणी दहा सेकंदांच्या वर करू नकोस, कन्व्हर्टरचं ऑइल फार लवकर तापतं.

मग स्लिप नेमकी कशात आहे ते एका कागदावर लिहून काढ. एकाच गिअरला होत असेल तर त्या गिअरचा क्लच गेला. पुढे जाताना सगळ्या गिअरला होते आणि मागे घेताना चांगला ओढतो, तर फॉरवर्डचा क्लच. लोडवर मशीन एकाच बाजूला वळत असेल तर त्या बाजूचा स्टिअरिंग क्लच, गिअरबॉक्सचा त्यात संबंधच नाही. आणि पुढे-मागे सगळीकडे सारखीच होत असेल तर सगळे क्लच एकाच दिवशी जात नाहीत रे. तिथे क्लच दाबून धरणारं ऑइलचं प्रेशर कमी पडतंय असं समज. तू म्हणालास सकाळी दोन तास चांगला चालतो, ऊन चढलं की ओढ सोडतो, आणि सगळ्याच गिअरला सोडतो. त्यामुळेच मला वाटतं की तुझा गिअरबॉक्स चांगला आहे.

कारण माझ्यावर हेच आलं होतं. माझा डोझर 1989 चा. महूदकडे डाळिंबाच्या बागेसाठी लेव्हलिंग चालू होतं. सकाळी मुरमात रिपर, म्हणजे मागचा नांगरासारखा दात, घालून ओढायचा आणि दुपारी मोकळ्या मातीत ब्लेड भरलं तरी उभा राहायचा. दोन मिस्त्रींनी पाहिलं, दोघांनीही ओव्हरहॉल सांगितलं. मी हिच्या पाटल्या मोडायच्या विचारात होतो, हे तुला आजवर बोललो नव्हतो. शेवटी कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना आणलं. त्यांनी गिअरबॉक्स खोलायचं नावच काढलं नाही. प्रेशर गेज काढला, क्लच प्रेशर मोजायच्या भोकाचा, म्हणजे पोर्टचा, प्लग खोलून तो लावला आणि म्हणाले, आता काम करत राहा. सकाळी काटा 20 वर होता, मशीनच्या पुस्तकात होता तेवढाच. अकराला 16. साडेबाराला 11, आणि डोझर थांबला. त्याच वेळी त्यांनी माझा हात धरून गिअरबॉक्सच्या ऑइल पंपाच्या बाजूला नेलं. पंप किरकिरत होता, आत खडे घोळवल्यासारखा. "याला ऑइल मिळत नाही," एवढंच म्हणाले.

ऑइल थंड झाल्यावर सक्शनचा, म्हणजे पंप ज्यातून ऑइल ओढतो तो, होज पाइप काढला. बाहेरून अगदी धड, कुठे चीर नाही. त्यांनी तो बॅटरीच्या उजेडासमोर धरला आणि मला डोळा लावायला सांगितलं. आतला रबराचा थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. बोटाने दाबला तर मऊ, चिकट लागला. थंड असताना तो भिंतीला चिकटून राहायचा. ऑइल तापलं की मऊ पडून पंपाच्या ओढीने आत यायचा आणि वाट अडवायचा. नवा होज, दोन क्लिपा, एक ओ-रिंग, एवढ्यावर भागलं. तो डोझर आजही त्याच गिअरबॉक्सवर चालतोय.

तुझ्याकडे होजच असेल असं मी म्हणत नाही. सक्शनची जाळी तुंबलेली असू शकते, जादा प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटलेली असू शकते, पंप झिजलेला असू शकतो. गिअर लिव्हरच्या रॉडच्या पिनासुद्धा बघ. त्या झिजल्या की लिव्हर पुरता जात नाही, आतला स्पूल, म्हणजे ऑइलची वाट उघडणारा दांडा, अर्धवट उघडतो. लिव्हर टाकताना 'खट' असं हाताला लागतं का, तेवढं बघ.

गिअरबॉक्सच्या ऑइलची पट्टी काढून थोडं ऑइल बोटावर घे. जळका वास म्हणजे प्लेटा तापल्यात. दुधाळ असेल तर कूलरमधून पाणी शिरलंय. फेस असेल तर कुठून तरी हवा जातेय, किंवा लेव्हल चुकलीय. ऑइल फिल्टर फेकून देऊ नकोस, कापून त्याचा कागद उन्हात पसर. काळी भुकटी थोडी असतेच. पितळी चमक खूप दिसली तर प्लेटा झिजल्यात, आणि लोखंडाचे तुकडे मिळाले तर मात्र मिस्त्री खरं बोलतोय, गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. आधीच्या मालकाने कुठलं ऑइल भरलं होतं तेही विचार. पुस्तकात नसलेलं ऑइल घातलं की चांगल्या प्लेटाही घसरतात.

खाली शिरण्याआधी ब्लेड आणि रिपर जमिनीवर टेकव, इंजिन बंद कर, लॉक लाव. पोटाखालचं गार्ड काढताना जॅकचा आधार दे आणि कुणालाही त्याच्याखाली झोपू देऊ नकोस. फार जड असतं ते. गरम ऑइलचा प्लग तर उघडूच नकोस, तुझा हेल्पर अजून पोरगा आहे.

गेज माझ्याकडे आहे, तू विकत घेऊ नकोस. शनिवारी पहाटेच्या एसटीने मिरज-कोल्हापूर करून फोंडा घाटाने उतरतो, दुपारपर्यंत कणकवलीला पोचेन. तेवढं घ्यायला ये. पोर्टच्या प्लगचं माप घेऊन ठेव, आटे जुळले नाहीत तर अॅडॉप्टर इथूनच करून आणतो. वहिनींना नमस्कार सांग, आणि हप्त्याच्या तारखेची काळजी शनिवारपर्यंत बाजूला ठेव.

तुझा,
सांगोल्याचा मित्र