दाढ काढण्यापूर्वी आई-बाबांस

गंगापूर रोड, नाशिक

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज उरकून नाशिकला परतल्यावर काढायची असे आता नक्की झाले आहे. फोनवर हे सांगितले तेव्हा बाबांचे म्हणणे पडले की एवीतेवी त्रास सोसायचाच आहे तर चारही दाढा एकदम काढून मोकळे व्हावे, आणि आईचे म्हणणे होते की जबडा आधीच दुखरा आहे तेव्हा दाढेला हातच लावू नये. दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, तरीही मी त्यांपैकी एकही पूर्णपणे मानलेला नाही. त्याची कारणे फोनवर नीट सांगता आली नाहीत, कारण फार वेळ बोलले की कानापुढचा भाग ठणकू लागतो. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले असल्याने बाबांनी पत्र तिला वाचून दाखवावे, आणि वाचताना काही गाळू नये.

आधी सांध्याविषयी लिहिते, कारण सारा प्रश्न त्याच्यामुळे अवघड झाला आहे. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडले-मिटले की बोटाखाली जे हलते तो हा जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याचे गोलसर टोक तेथे कवटीच्या हाडातील खोबणीत बसते आणि दोन हाडांच्या मध्ये चिवट ऊतीची एक लहानशी चकती असते. तोंड उघडताना हे टोक प्रथम जागच्या जागी फिरते आणि मग चकतीला सोबत घेऊन पुढे सरकते. डावा आणि उजवा सांधा एकाच हाडाने जोडलेले असल्याने एक अडला की दुसऱ्यावर ताण येतो. माझ्या उजव्या सांध्यातील चकती आपल्या जागेवरून थोडी पुढे गेलेली आहे. तोंड उघडताना ती पुन्हा टोकावर येऊन बसते तेव्हा ‘कट्’ असा आवाज होतो, जो आईने जेवताना कितीदा तरी ऐकला आहे. एखाद्या सकाळी मात्र ती जागेवर येतच नाही आणि मग तोंडात दोन बोटेही कशीबशी जातात. त्यात मला झोपेत दात खाण्याची सवय आहे आणि शाळेत दिवसभर वर्गावर बोलण्याचे काम आहे, त्यामुळे गालाचे आणि कानशिलाचे स्नायू संध्याकाळपर्यंत लाकडासारखे घट्ट होतात.

गेल्या वर्षी एका दवाखान्यात रूट कॅनॉलसाठी मला बराच वेळ तोंड पूर्ण उघडे ठेवावे लागले होते. सांध्याच्या त्रासाची कल्पना मी आधी दिली होती, परंतु मध्ये विश्रांती मिळाली नाही, आणि त्यानंतर कित्येक आठवडे मला जांभईसुद्धा धड देता येत नव्हती. आईच्या मनात तीच भीती आहे आणि ती अगदी योग्य आहे. दाढ काढण्याला मी इतके महिने तयार होत नव्हते तेही त्यामुळेच. पण आता थांबण्यातही धोका आहे, तो असा.

ही दाढ सरळ उगवलेली नाही. ती पुढच्या दाढेकडे कलून अर्धवट हिरडीखाली अडकली आहे. तिच्यावर हिरडीचा जो पडदा उरला आहे त्याखाली अन्नाचे कण जातात, ब्रश तेथे पोहोचत नाही, आणि दर काही महिन्यांनी तो भाग सुजतो. सूज आली की चघळण्याचे स्नायू आखडतात, तोंड उघडेनासे होते, आणि आपण सगळे सांध्याला दोष देतो. शिवाय ओपीजी म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये असे दिसले की अडकलेल्या दाढेच्या दाबाच्या जागी पुढच्या चांगल्या दाढेला मागच्या बाजूने कीड लागू लागली आहे. ती दाढ मला आयुष्यभर चावायला हवी आहे. येथील ओरल सर्जनकडे आणि नंतर दुसरे मत घ्यावे म्हणून पंचवटीतील दंत महाविद्यालयात मी एक्स-रे दाखवला, आणि दोन्हीकडे ही एक दाढ काढण्याबद्दल दुमत झाले नाही.

बाबा, उरलेल्या तीन दाढांचे असे आहे. वरच्या दोन्ही सरळ आल्या आहेत आणि स्वच्छ राहतात. डावीकडची खालची पूर्णपणे हाडात आहे आणि तिच्याभोवती एक्स-रेमध्ये काही विकार दिसत नाही. निरोगी अक्कलदाढा केवळ पुढची खबरदारी म्हणून काढू नयेत, अशी मार्गदर्शक सूचना इंग्लंडमधील ‘नाइस’ या राष्ट्रीय संस्थेने २००० सालीच काढली होती. सगळ्या देशांतील सर्जनचे यावर एकमत नाही हेही खरे. तिशीनंतर हाड घट्ट होते आणि दाढ काढणे अवघड जाते, म्हणून लवकर काढाव्यात असे मानणारेही आहेत. परंतु माझ्यासारख्या जबड्याला प्रत्येक जादा दाढ म्हणजे तोंड उघडे ठेवण्याचा जादा वेळ, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी दुखल्या तर घास चावायला कोणतीच बाजू उरत नाही. म्हणून जी बिघडली आहे तीच आता काढायची आणि उरलेल्यांवर ठराविक काळाने एक्स-रे काढून लक्ष ठेवायचे, असे मी ठरवले आहे. पुढे त्यांपैकी एखादी त्रास देऊ लागली तर तेव्हा तिचा विचार करू.

येथे मला एक गोष्ट फार स्पष्ट लिहायची आहे, कारण आपल्याकडे पाहुण्यांपैकी दोघा-तिघांनी मला खात्रीने सांगितले की अक्कलदाढ निघाली की जबड्याचा आवाज आपोआप थांबेल. तो थांबणार नाही. चकती सरकलेली आहे ती दाढेमुळे नव्हे, आणि दाढ काढल्याने ती जागेवर येणार नाही. दाढ निघाल्याने हिरडीची वरचेवर येणारी सूज थांबेल आणि त्या सुजेमुळे स्नायू आखडणे थांबेल, एवढीच अपेक्षा मी धरली आहे. सांध्याचे उपचार वेगळे आहेत आणि ते चालूच राहतील: रात्री दातांवर बसवायचे ॲक्रिलिकचे कवच, ओला शेक, हलके व्यायाम, आणि दिवसा दातावर दात दाबून न ठेवण्याची सवय. हे मी आधीच लिहिते आहे, म्हणजे नंतर आवाज ऐकून आईला ऑपरेशन फुकट गेले असे वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष ऑपरेशनविषयी. सर्जननी पहिल्याच भेटीत वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधील अंतर पट्टीने मोजून कागदावर लिहून ठेवले. मोठ्या माणसाचे तोंड साधारणपणे ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उघडते. माझे त्या दिवशी ३३ मिलिमीटर उघडले. ही नोंद फार महत्त्वाची आहे, कारण दाढ काढल्यावर काही दिवस कुणाचेही तोंड कमी उघडते, आणि आधीचा आकडा हाताशी असला तरच नंतरची प्रगती मोजता येते. दाढ ओढून काढण्याऐवजी ती ड्रिलने कापून तुकड्यांनी काढणार आहेत, म्हणजे खालच्या जबड्यावर जोर कमी पडेल. दुसऱ्या बाजूला दातांमध्ये रबराचा लहान आकाराचा ठोकळा ठेवतील, म्हणजे तोंड उघडे ठेवण्यासाठी स्नायूंना झगडावे लागणार नाही, आणि सहायक खालून हाताने जबड्याला आधार देईल. मी डावा हात वर केला की काम थांबवायचे, ठोकळा काढायचा आणि मला तोंड मिटू द्यायचे, हेही ठरले आहे. भेटीची वेळ सकाळची घेतली आहे, कारण संध्याकाळी माझे स्नायू थकलेले असतात.

पूर्ण भूल का नको, हा बाबांचा प्रश्न होता. काहींना ती आवश्यक असते आणि भीती फार असेल तर ती सोयीचीही असते. परंतु पूर्ण भुलीत जबड्याचे स्नायू सैल पडतात, दुखले तर रुग्ण सांगू शकत नाही, आणि तोंड गरजेपेक्षा अधिक उघडले गेले तर सांध्याभोवतीचे अस्थिबंध ताणले जाऊ शकतात. एकच दाढ काढायची असल्याने मी जागेवर सुन्न करण्याचे इंजेक्शन स्वीकारले आहे, म्हणजे सांध्यावर ताण आला तर मला तत्काळ कळेल आणि सांगता येईल.

आई, दाढ काढल्याने नजर अधू होते ही तुझी भीती मात्र तू मनातून काढून टाक. दातांच्या संवेदना वाहून नेणारी नस आणि दृष्टीची नस या दोन वेगळ्या नसा आहेत. तुझ्या मोतीबिंदूचा दोषही तू कधी काढलेल्या दाढांना देऊ नकोस. खरा धोका वेगळा आहे आणि तो मी तुमच्यापासून लपवत नाही. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, जी खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते, आणि अक्कलदाढेची मुळे कधी कधी तिच्या अगदी जवळ असतात. तिला धक्का लागला तर ओठाला बधिरपणा येऊ शकतो. तो बहुधा हळूहळू जातो, क्वचित कायमचा राहतो. म्हणून सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅनही केला, आणि माझ्या मुळांत व त्या नसेत हाडाचा पुरेसा थर असल्याचे त्यात दिसले.

नंतरचे दिवस कसे जातील हेही तुम्हाला माहीत असावे. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, नंतर कोमट ओला शेक. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, तेव्हा व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा पाहून घाबरू नये. तोंड आखडणे साधारण एक-दोन आठवड्यांत सुटत जाते. ते रोज थोडे थोडे सुटत असेल तर सारे ठीक. पण मोजलेला आकडा पुढे सरकेचना, किंवा सांध्यात काहीतरी अडल्यासारखे होऊन तोंड एकाएकी अडकले, तर मी लगेच दाखवायला जाईन. तिसऱ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढले आणि कानाकडे कळ जाऊ लागली, तर जखमेवरची रक्ताची गुठळी निघून आतले हाड उघडे पडले असण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत ती कळ सांध्याची समजून अंगावर काढली जाईल, अशी काळजी मला स्वतःला वाटते, म्हणून तुमच्या जावयांना हे फरक मी लिहूनच दिले आहेत. रात्रीचे कवच जखम ओली असताना घालायचे की नाही, हे पहिल्या तपासणीत सर्जन सांगतील.

खाण्याचे पथ्य ऑपरेशनच्या आधीपासूनच पाळायचे आहे, कारण सांधा शांत असताना दाढ काढणे केव्हाही चांगले. म्हणून दिवाळीत मी घरी असेन तरी चकली, कडक शंकरपाळे किंवा बाजरीची भाकरी खाणार नाही. आईने त्याचे वाईट वाटून घेऊ नये आणि आग्रहही करू नये. करंजीतले सारण आणि रव्याचा लाडू दुधात कालवून मी आनंदाने खाईन. नंतर काही दिवस गुरगुट्या भात, मुगाचे पातळ वरण, नागलीची आंबील आणि साजूक तुपातला सैल शिरा एवढेच चालेल, तेही कोमट. मिसळीचा तर काही आठवडे विचारच नको.

आई त्या दिवशी नाशिकला यायचे म्हणते आहे. त्या दिवशी मी कापूस तोंडात धरून बसलेली असेन आणि मला बोलता येणार नाही, तेव्हा निफाडहून धावपळ करून येऊ नये. तिसऱ्या दिवशी मात्र तू जरूर ये आणि आठवडाभर राहा, कारण तुमच्या जावयांची रजा तोवर संपलेली असेल आणि जखम खरी सांभाळायची असते ती त्याच दिवसांत. बाबांची द्राक्षबागेची छाटणी तोवर आटोपलेली असली तरी डिपिंगची, म्हणजे घड द्रावणात बुडवण्याची, आणि फवारणीची कामे चालू असतील, म्हणून त्यांनी येण्याचा हट्ट धरू नये. येताना नागलीचे पीठ आण; बाकी सर्व येथे मिळते. लवंगेचे तेल आणू नकोस, ते ताज्या जखमेवर लावायचे नाही असे सर्जननी बजावले आहे.

तुम्हा दोघांना अजून काही विचारायचे असेल तर बाबांनी ते कागदावर लिहून ठेवावे. पुढच्या सोमवारी ऑपरेशनपूर्वीची शेवटची भेट आहे, तेव्हा मी तुमचे प्रश्न तेथे विचारून उत्तरे रात्री फोनवर सांगेन.

आपली लेक